पंक्चरच्या दुकानातलं ऐकीव इंग्रजी

इंग्रजी खऱ्या अर्थानं कळलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि त्याचं मिरजगावला हमरस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान आहे. आमच्या हिचे हे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालो, नगरच्या कॉलेजात पोरांना तीच भाषा शिकवत आलो. पण मामांपुढे दोन वाक्यं बोलायची माझी अजून छाती होत नाही. बोललोच, तर ते चाकातून मान वर काढून विचारतात, "जावईबापू, ह्ये कुनाच्या तोंडून ऐकलं?" पुस्तकात वाचलं म्हणालो की मान पुन्हा चाकात.

स्वतःच्या कानांनी ऐकलं तेवढंच इंग्रजी खरं, असा त्यांचा नियम. गाडी पंक्चर होते, आतली माणसं उतरतात आणि मोबाईलवर कुणावर तरी इंग्रजीत खेकसतात. मामांची शाळा ती. अशा वेळी त्यांचा हात आपोआप मंदावतो, वाक्य पुरं झाल्याशिवाय शेवटचा नट काही आवळला जात नाही. मग हात पुसून ते वाक्य जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर देवनागरीत उतरवायचं आणि खाली पुरावा लिहायचा : 'पांढरी मोटार, मागचं डावं चाक, बाई चिडलेल्या.' दुकानभर तारा ताणून त्यांना ह्या पत्रिका चिमट्यांनी अडकवलेल्या आहेत. पत्रिकेच्या दोन्ही बाजूंना छपाई करणाऱ्या यजमानाच्या घरच्या लग्नाला मामा जात नाहीत.

एकदा मी त्यांना चांगलं जाडजूड व्याकरण भेट दिलं. पुढच्या खेपेला पाहतो तर ते कंप्रेसरच्या आखूड पायाखाली. वर शिकवणी मलाच. "सॉर्ट इट आउट. पिक हर अप. फटफटीवर बारकं पोर कुठं बसतं? आईबापाच्या मधी. ह्ये इट, हर, हिम तसलंच. मोठं नाव असंल तर मागं बसलं तरी चालतं. पर लुक आफ्टर हर म्हणलं की मधी कुनालाच घेत न्हाईत. का, ते इचारू नका. मी ऐकलंय." एवढंच शिकवायला मला दोन तास लागायचे आणि पोरं पेंगायची. आता मी वर्गात फटफटीच वापरतो, मामांचं नाव न सांगता.

मामांची एकुलती एक नात, त्यांनीच वाढवलेली, नर्स झाली. आयर्लंडला नोकरी मिळत होती, पण इंग्रजी बोलायच्या परीक्षेत पोरगी नापास झाली आणि रडत घरी आली. मी शिकवतो म्हणालो. "तुमी नगा," मामा म्हणाले, "तुमच्यासारख्यांच्या पुस्तकी इंग्रजीनंच ही पाळी आली." दोन महिने त्यांनी तिला रोज जुन्या टायरवर बसवून गिऱ्हाइकांची बोलणी ऐकवली. "पास झाली तर जाईल हो ती," मी म्हणून पाहिलं. "मग काय हितं पंक्चर काढंल?" मामा म्हणाले आणि नट आवळायला लागले. नात पास झाली, गेली. मामांनी रस्त्यावर ट्रक थांबवून पेढे वाटले.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मामा जेवलीस का विचारत नाहीत, "आज कोन काय म्हणलं?" एवढंच विचारतात. ती सांगते, हे लिहितात. परवा माझी गाडी त्यांच्याकडे होती तेव्हाच फोन आला. नात म्हणाली, "आजोबा, एक म्हातारी बाई म्हणाली, आय अ‍ॅम व्हेरी मच अटॅच्ड टू यू."

मामांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. फोन ठेवला आणि पत्रिकेकडे बघत बसले.

"खोटं हाय," ते म्हणाले. "म्हाताऱ्या बाया असं बोलत न्हाईत. पुस्तकातलं हाय. आज सुट्टी हाय तिची, सकाळधरनं खोलीत एकलीच हाय. कोन बोलनार तिच्यासंगं?"

"मग लिहिलंत कशाला?"

मामांनी पेन पुन्हा काढलं आणि खाली पुरावा लिहिला : 'नात. आयर्लंड. सुट्टीचा दिवस.'

"तिच्या तोंडून ऐकलं की," ते म्हणाले. पत्रिका त्यांनी तारेला लावली नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि माझ्या चाकाचा शेवटचा नट आवळला.