पिवळं कार्ड खिशात ठेव, प्राजक्ता

पनामाहून परत येऊन बदलापूरला स्थिरावलो, त्याला आता तीन वर्षं झाली. तिथून आणलेली कॉफी पहिल्याच महिन्यात संपली. हौसेने आणलेला मिक्सर तिकडच्या व्होल्टेजचा होता, तो इथल्या प्लगमध्ये लावताक्षणी जळाला. किस्से मात्र संपत नाहीत, उलट वाढत चाललेत. कारण उल्हासनगर-अंबरनाथकडचं कोणी तिकडे निघालं, की लोक त्याला आमच्याकडे पाठवतात. आणि सल्ला द्यायला तोंड उघडलं, की माझ्या तोंडून किस्साच बाहेर पडतो.

उल्हासनगरच्या एका सिंधी शेठचं पनामात होलसेलचं गोडाऊन आहे. माझे मिस्टर नऊ वर्षं तिथे स्टोअर सांभाळत होते. तिथे आमच्याच बिल्डिंगमध्ये शेठच्या नात्यातल्या कमलभाभी राहायच्या, उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या. आणि खालच्या मजल्यावर किसन भोईर, बदलापूरजवळच्या जांभूळ गावचा, गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. एवढंच आमचं गणगोत.

गेल्या रविवारी अंबरनाथहून प्राजक्ता आली. तिचा नवरा त्याच गोडाऊनमध्ये नुकताच रुजू झालाय, ही पुढच्या महिन्यात जाणार. एमआयडीसीतली सात वर्षांची नोकरी सोडून. हातात वही, वहीत सत्तावीस प्रश्न. नंबर घातलेले.

"काकू, पहिला प्रश्न. तिथला पत्ता कसा लिहायचा? हे म्हणतात, बिल्डिंगला नंबरच नाही."

"नाहीच आहे," मी म्हटलं.

*

आम्ही गेलो त्या आठवड्यात घरातला गॅस संपला. सिलिंडरवाल्याला फोन लावून पत्ता सांगायचा होता. मिस्टरांनी ऑफिसच्या कागदावरचा रस्ता, वॉर्ड, सगळं वाचून दाखवलं. पलीकडचा माणूस नुसता "सी, सी", म्हणजे हो हो, करत राहिला आणि सिलिंडर काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने मला एक वाक्य पाठ करून दिलं. मी फोनवर तेवढंच म्हटलं. त्याचा अर्थ असा: पूर्वी जिथे बेकरी होती, त्याच्यासमोर, आंब्याचं झाड.

पंधरा मिनिटांत सिलिंडर दारात.

मिस्टर म्हणाले, "पण बेकरी तर आपण कधी पाहिलीच नाही."

मी म्हटलं, "बदलापूरला तरी राईस मिल कुठे पाहिली होती आपण? वीस वर्षं रिक्षावाल्याला तेच सांगतोय ना?"

*

प्राजक्ताचा पुढचा प्रश्न भाषेचा होता. ती मोबाईलवर रोज स्पॅनिश शिकते. म्हणाली, "‘आओरीता’ म्हणजे ‘आत्ता लगेच’ ना?"

पुस्तकात तसंच आहे. कमलभाभींनीही तेच वाचलं होतं. त्यांच्या किचनमधला नळ फुटला, प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, "आओरीता." भाभींनी त्याच्यासाठी चहा टाकला. तो तीन दिवस आलाच नाही. भाभी नळाखाली पातेली बदलत राहिल्या आणि फोन केला की तोच शब्द ऐकत राहिल्या.

चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "वैनी, ये तो अपने यहाँ का ‘निकला मैं, रस्ते में हूँ’ है. डिक्शनरीवाला कॅम्प चार में कभी आया नहीं."

उल्हासनगरच्या बाजारात वीस वर्षं कपड्याच्या दुकानात बसलेली बाई ती. तिने प्लंबरला पुन्हा फोन केलाच नाही. प्लंबरची आई मागच्या गल्लीत राहते एवढं शोधून काढलं, डबाभर कोकी करून तिच्या घरी गेली आणि खुर्ची ओढून बसली. कोकी म्हणजे सिंध्यांची कांदा घातलेली जाड पोळी. स्पॅनिश शब्द एकूण पाच: नळ, पाणी, मुलगा, तीन दिवस.

म्हातारीने कोकी खाल्ली, तोंड पुसलं आणि मुलाला फोन लावला. भाभी घरी पोचायच्या आत तो पान्हा घेऊन दारात उभा होता.

"वैनी, मिस्त्री किधर का भी हो," भाभी म्हणाल्या, "माँ तो होती है ना उसकी."

प्राजक्ताने हे वहीत लिहून घेतलं. अकराव्या प्रश्नासमोर.

*

एक गोष्ट मात्र मी तिला दोनदा सांगितली. कुठेही शिरलीस, दुकान असो, दवाखाना असो, लिफ्ट असो, आधी "बुएनास" म्हणायचं. म्हणजे नमस्कारच. कोणाकडे बघून नाही, सगळ्यांना मिळून. मग काम.

मला हे कळायला दोन महिने लागले. मी आपली सरळ काउंटरला जाऊन "टोकन?" विचारायची. बायका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या. मला वाटायचं, माझ्या रंगामुळे, साडीमुळे. घरी येऊन रडलेसुद्धा एकदा. शेवटी दवाखान्यात एका आजोबांनी खुणेने सांगितलं, आधी सगळ्यांना "बुएनास" म्हण, मग विचार. मी म्हटलं. अख्ख्या खोलीने एका सुरात उत्तर दिलं. बारा-पंधरा अनोळखी माणसं. मला एकदम घरात आल्यासारखं वाटलं.

सवय इतकी लागली, की सुट्टीवर इकडे आले तेव्हा एका ऑफिसात लाईट मीटरवरचं नाव बदलायला गेले, तर शिरताच मोठ्याने म्हटलं, "नमस्कार."

सगळे दचकले. खिडकीतल्या साहेबांनी चष्मा काढला. "कोणाकडून आलात, मॅडम?"

"कोणाकडून नाही. अशीच आले."

त्यांचा विश्वास बसला नाही. पण खुर्ची दिली, आणि काम त्याच दिवशी झालं.

*

पिवळं कार्ड. ते मी प्राजक्ताच्या वहीत स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरात. तिकडून भारतात येताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं. नसेल तर मुंबईला उतरल्यावर घरी सोडत नाहीत, वेगळं नेऊन ठेवतात.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आम्ही आणि कमलभाभी एकाच विमानाने निघालो होतो. भाभींचा हट्ट, एअरपोर्टला पाच तास आधी पोचायचं. मिस्टर टॅक्सीत पूर्णवेळ कुरकुरत होते. "विमान धुवायला जायचंय का आपल्याला?"

एअरपोर्टच्या दारातच भाभींनी बॅग खाली ठेवली आणि टीसीसारखा हात पुढे केला. "पीला कार्ड दिखाओ. सब लोग."

मी दाखवलं. मिस्टरांनी पासपोर्ट उघडला, पाकीट उघडलं, बॅगेचा प्रत्येक कप्पा उघडला. कार्ड घरी, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

भाभी शांत होत्या. त्यांनी किसनला फोन लावला. त्याच्याकडे आमच्या घराची चावी असायची. त्याची सुट्टी होती, तो अंघोळीला निघाला होता. तसाच बाहेर पडला, कार्ड घेतलं आणि दीड तासात पोचला. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, कार्ड मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, सुरकुती नाही.

मिस्टर त्याचे आभार मानायला लागले. तो म्हणाला, "साहेब, आभार नको. लग्नातले लाडू आणा."

भाभींनी घड्याळ बघितलं. "और भी तीन घंटा है. अब बोलो, विमान धोना है?"

*

माशांचा प्रश्न प्राजक्ताने लाजत विचारला. तिथे चांगला मासा मिळतो का?

किसनची गोष्ट सांगते. समुद्राकाठच्या मासळीबाजारात तो पहिल्यांदा गेला, तेव्हा त्याला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. विकणारीने पुढ्यातला मासा उचलून दिला. किसनने कल्ला उघडला, आत बघितलं, मासा परत ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

ती बाई हसली. खाली वाकून बर्फाखालचा दुसरा काढला.

पुढची सहा वर्षं ती त्याच्यासाठी मासा बाजूला काढून ठेवायची.

*

वही संपत आली होती. शेवटच्या प्रश्नाला नंबर नव्हता. प्राजक्ताने तो लिहिलेलाही नव्हता. कप खाली ठेवून म्हणाली, "काकू, इथे मी ऑफिसात प्राजक्ता मॅडम आहे. तिथे नुसती कोणाची तरी बायको. मला तिथे कोण ओळखणार?"

मी तिला किसनच्या आयडी कार्डाचं सांगितलं.

किसन नोकरीला लागला तेव्हा गोडाऊनच्या ऑफिसात फॉर्म भरत होता, दुभाषाला माझे मिस्टर. तिथल्या क्लार्क बाईने एका रकान्यावर पेन ठेवलं. "सेगुंदो आपेयीदो?" म्हणजे दुसरं आडनाव. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं, एक बापाचं, एक आईच्या माहेरचं. किसन म्हणाला, आमच्यात एकच असतं. बाईला ते पटेना. तिने विचारलं, "तुला आई नाही का?"

"आहे."

"मग तिचं लिही."

किसनला ते माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, आईच्या माहेरी लहानपणी सुट्ट्या काढलेला, पण ते मामाचं गाव. आडनाव कधी विचारायची वेळच आली नव्हती. त्याने तिथूनच फोन लावला. तिकडे सकाळ, जांभूळला दिवेलागण.

"आये, तुजा माहेरचा आडनाव काय?"

पलीकडून घाबरलेला आवाज. "कनाला र? कोन गेला का माज्या भावांतला?"

"कोन नाय गेला. हितं कागदावर लिवाचाय. तुजा नाव."

"माजा?"

त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. सरकारचं आहे का, सही लागेल का, अंगठा चालेल का. मग म्हणाल्या, "गायकर. वांगनीचे गायकर." आणि जरा थांबून, "नीट लिव."

आठवड्याने कार्ड आलं. फोटो, आणि खाली इंग्रजी अक्षरांत तीन शब्द: किसन भोईर गायकर. त्याने त्याचा फोटो काढून गावी पाठवला.

पुढच्या सुट्टीत मी जांभूळला त्यांच्या घरी गेले, किसनचं सामान पोचवायला. त्याच्या आईने बदलापूरच्या स्टुडिओतून ते कार्ड वहीएवढं मोठं करून आणलं होतं. फ्रेम करून देवघराशेजारी लावलं होतं. साठीच्या बाई, लग्न होऊन आल्यापासून आधी हरीची बायको, मग किसनची आई. वाचता येत नाही, मराठी नाही आणि इंग्रजी तर नाहीच.

मला हात धरून भिंतीपाशी नेलं. पदराने काच पुसली, शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी हाय."