सरदारला आधी उतरू द्या

सुनेला वळण म्हणून नाही, असं भामाबाई वाघमोडे जेवता जेवता तिसऱ्यांदा म्हणतात आणि हात धुतात. पोपटाचा पिंजरा म्हणजे काय भाजीची पिशवी आहे? काल वैजयंतानं पाणी बदलायला दार उघडलं आणि सरळ कोपरापर्यंत हात आत. सरदारनं असं बोट फोडलं की दोन चिंध्या भिजल्या. आता विलास म्हणतो, रविवारी बार्शीचा कुणी पक्षीवाला येतोय, त्याला पोपट देऊन टाकू. लेकाला बोलायला काय जातं! सरदार गेला की घरातला ह्यांचा आवाज गेला. कंडक्टर वाघमोडे वारून आठ महिने झाले, पण पिंजऱ्यातून अजून त्यांच्याच घोगऱ्या सुरात येतं, "चला, पुढं सरका!"

भामाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत आडव्या होतात. दुपारची जागा ठरलेली. त्यांना ओलांडल्याशिवाय आत जायची कुणाची छाती नाही. मिसळणाचा डबा उशाशी. पंखा गुरगुरतो, गुरगुर जड होत जाते, आणि उंबरा हादरायला लागतो.

करमाळ्याची लाल गाडी. खिडक्यांच्या जागी घरातली मांडणी आहे, पितळी डबे थडथडताहेत. पलीकडच्या बाकावर एकटा सरदार, पिसं फुगवून तीन माणसांची जागा अडवून बसलेला. मागून खाकी कपडे येतात. शेवटच्या आजारात बसलेले गाल पुन्हा भरलेत.

"तिकीट?"

"आठ महिन्यांनी तोंड दाखवलंत आणि पहिला शब्द हा? कंडक्टरच्या बायकोला तिकीट?"

"दोन जागा अडवल्यास, भामे. एक तुला, एक डब्याला."

भामाबाई डबा मांडीवर ओढतात. "माझं राहू द्या. तुमचा पोपट माजलाय. सुनेचं बोट फोडलं त्यानं."

"तिनं हाक मारली होती का?"

"पोपटाला काय अक्षत द्यायची?"

ते हसतात. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा पिशवीतून काढून बाकाच्या दांडीवर वाजवतात. टिक-टिक. सरदारची पिसं खाली बसतात. मान तिरपी करून तो दांडीवरून चालत येतो आणि त्यांनी धरलेल्या काठीवर चढतो. बाक मोकळा. ते तो निवांत पुसून घेतात.

"रोज सकाळी असंच करायचो. तू चुलीपाशी असायचीस, कधी बघितलं नाहीस. चिमटा वाजवायचा, तो बाहेर आला की मिरची द्यायची, मग आत हात घालायचा. जगात त्याच्या मालकीची एक दांडी नि एक वाटी. तो आत असताना हात आला की त्याला वाटतं, आता तेवढंही चाललं. उतरणाऱ्याला आधी उतरू द्या, मग चढा. एकतीस वर्षं घसा फोडून दुसरं काय सांगितलं मी?"

गाडी थांबते. बाहेर स्टँड नाही, स्वयंपाकाचा ओटा आहे. फलाटावर वैजयंता उभी, बोटाला चिंधी.

"आत्या, जरा सरकता का?"

दार भामाबाईंनीच अडवलंय. "डब्याला हात लावशील तर बघ!" शब्द तोंडातून निघतात तेव्हा ओठ चोचीसारखे टणक लागतात. नवरा बघत असतो.

"माझ्याकडं काय बघता? मी पोपट नव्हे."

"नाही. तो एकदाच चावला."

भामाबाई डब्याचं झाकण घट्ट दाबून धरतात. मग त्या हळूच विचारतात, "चुलीपासून उठले की मग मी ह्या घरात कोण?"

ते बायकोचा हात उलटा करून तळव्यावर चिमटा टेकवतात. टिक. दुखत नाही. "उतरून बघ की. पोपटाला मिरची मिळते, तुला चहा मिळेल."

"चला, पुढं सरका!"

हा आवाज मात्र पिंजऱ्यातून. चार वाजलेत. भामाबाई उठून बसतात. तळव्याला काहीतरी चिकटलंय. बघतात तर गुलाबी कागदाची मसुराएवढी टिकली, तिकिटातून पडते तशी. चिमटा तर ट्रंकेत खाकी कपड्यांखाली आहे आणि ट्रंक आठ महिने कुणी उघडलेली नाही.

टिकली पदराच्या गाठीत बांधून त्या ट्रंक उघडतात. मग वैजयंताच्या हातात लाटणं देऊन तिला पिंजऱ्यापाशी उभी करतात.

"आत्या, पुन्हा चावला तर?"

"गप. लाटणं दारापाशी धर."

चिमटा गजावर वाजतो. सरदारची मान तिरपी होते. एक पाय पुढं, मग दुसरा, आणि तो लाटण्यावर येऊन बसतो. भामाबाई त्याच्यापुढं मिरची धरतात. "आता घाल हात," त्या सुनेला म्हणतात. वैजयंता वाटी काढते, धुते, परत ठेवते. कुणी कुणाला चावत नाही.

भामाबाई आत जातात, उंबऱ्यावरचा डबा उचलतात आणि ओट्यावर, सुनेच्या हाताला येईल असा ठेवतात.

"ऐक, वैजे. चूक तुझीच होती. हाक न मारता हात घातलास. विलासला सांग, रविवारी घरातलं कुणी कुठं जाणार नाही. आणि तुला आत यायचं असलं की मलाही आधी हाक मारायची. येईन मी बाहेर. चहा मात्र कडक पाहिजे."