खिळेमामांचा कचरा

जहाजांचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात पेट्या ठोकणारा एक सुतार होता. सगळे त्याला खिळेमामा म्हणत. परत आलेल्या पेट्यांचे खिळे उपटायचे, ऐरणीवर ठोकून सरळ करायचे आणि नव्या पेटीत मारायचे, यातच त्याची एकतीस वर्षं गेली. काही खिळे तीनतीनदा समुद्र ओलांडून आले होते. मामा कधी बोटीत बसला नव्हता.

यंदा कंपनीने पर्यावरण मनावर घेतलं. प्रत्येक खात्याने महिन्याचा कचरा तोलून कळवायचा आणि पुढच्या वर्षी तो दहा टक्के कमी करून दाखवायचा. मामाचं पिंप रिकामं. पण पहिला आकडा म्हणून कॉम्प्युटर काही केल्या शून्य घेईना.

"मामा, शून्यातून दहा टक्के कमी कसे करू?" पर्यावरणाच्या मॅडम रडकुंडीला आल्या. "आकडा नाही भरला तर खातं बंद करून काम बाहेर देतील. शनिवारपर्यंत थोडा तरी कचरा करा हो!"

मामाने घरी जाऊन हे सांगितलं. बायको हसली. "अहो, कचरा काय, कोणीही करतं!"

"मला नाही ना येत!"

तिने त्याला बळेच एक फाटका बनियन टाकायला लावला. सकाळी तो मामाच्या खिशात निघाला. "हत्यारं पुसायला बरा," मामा पुटपुटला.

कारखान्यात त्याने छातीवर दगड ठेवून एक गंजका खिळा पिंपात टाकला. टण्णकन आवाज झाला. दुपारी तो पिंपात कंबरेपर्यंत वाकलेला रंगाऱ्याला दिसला.

"काय मामा, स्वतःच्याच घरात चोरी?"

शनिवारी मुख्य कचेरीतून एक जड खोकं आलं. मामाने पुठ्ठा सोडवून ठेवला, प्लास्टिकची घडी घातली, सुतळी गुंडाळली. उरलं पुस्तक: 'कचरा कमी कसा करावा'. पहिली आठ पानं साहेबांच्या फोटोंची.

"हे जाईल," मामा म्हणाला. धप्प! दोन किलो शंभर ग्रॅम. कॉम्प्युटर हिरवा झाला. मॅडमनी टाळ्या पिटल्या.

सोमवारी पिंप पुन्हा रिकामं.

"मामा! पुस्तक कुठंय?"

"एकाच बाजूला छापलंय हो. पेट्यांवर पत्ते चिकटवायला वर्षभर पुरेल."

पुढच्या वर्षी मामाच्या खात्याचा कचरा शंभर टक्के कमी झाला. बक्षीस म्हणून काचेचं मानचिन्ह आलं, लाकडी पेटीतून. मॅडम भाषण करत होत्या तेव्हा मामा पाठमोरा बसून खिळे उपटत होता. त्यातले दोन त्याच्या ओळखीचे निघाले.