दुधाच्या घरातली थायरॉईडची गोळी

"तुम्हाला हायपोथायरॉयडिझम आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कामचुकार झाली होती. मला हसूच आलं. वर्षभर घरचे मला कामचुकार म्हणत होते, आणि निघाली ती ग्रंथी!

भूम तालुक्यात आमची खव्याची भट्टी आहे आणि ती मी सांभाळते. दूध आटवताना हात थांबला की खवा तळाला लागतो. माझा हात थांबायला लागला होता.

रोज सकाळी गोळी सुरू झाली, पण थकवा जाईना. टीएसएच तपासलं. टीएसएच म्हणजे त्या ग्रंथीला डोक्यातून सुटणारा कामाचा हुकूम. ग्रंथी ढिम्म असली की तो वाढतो. माझा वाढलेलाच होता. डोस वाढवला. पुन्हा रक्त दिलं, पुन्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसले, पुन्हा डोस वाढला. मी तशीच.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, भट्टी माझ्याकडं द्या. तुमच्यानं आता व्हायचं न्हाय."

नवरा दुधाच्या किटल्या मोजत राहिला. ते मला जास्त लागलं.

"बसून आटवीन भाऊजी, पण भट्टी सोडायची न्हाय," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, आराम करा." मी खुर्चीवरून उठलेच नाही.

"साहेब, टेन्शन न्हाय, थकवा हाय. गोळी एक दिवस चुकवली न्हाय. मग ती जाते कुठं?"

दाराशी पेशंट कुरकुरत होते. कुरकुरू देत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "गोळी कशासोबत घेता?"

"दुधासोबत. दुसरं कशासोबत घेणार?"

आमच्या घरात औषध दुधासोबतच घेतात. गोळीच्या वेळी सासूबाई पेला घेऊन समोर उभ्या. "रिकाम्या पोटी औषध घेतलंस तर आग पडंल गं." त्यांच्या मायेत खोट नव्हती. पण दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटातच अडवतं, रक्तात पुरती जाऊ देत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-दूध तासाभरानं. आता ती पुरती लागू पडेल म्हणून त्यांनी डोसही कमी केला.

"हे आधी का न्हाय विचारलं?" मी म्हणालेच.

"चुकलं माझं," ते म्हणाले. तेवढ्या कबुलीसाठी मी त्यांची आभारी आहे.

दीड महिन्यानं टीएसएच बरंच खाली आलं. अंगात बळ मात्र सावकाश आलं. तुमचाही थकवा हटत नसेल तर डोस मनानं बदलू नका, पण उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीही सोडू नका.

परवा सकाळी मी गोळी घेऊन भट्टीवर बसले, तोच दिरांनी पुन्हा भट्टीचा विषय काढला. मी उलथनं त्यांच्या हातात दिलं. दूध घट्ट व्हायच्या आत त्यांनी ते परत केलं.

सासूबाई बघत होत्या. पेला झाकून ठेवत म्हणाल्या, "तिची दुधाची वेळ व्हायचीय अजून. तवर तिला कुणी बोलू नका."