अण्णांची बसायची जागा

आमच्या शेडच्या मागे कापून उरलेल्या पाइपांचा ढीग आहे. वीतभर, हातभर, कसलेही तुकडे. कुणी फेकायला निघालं की दुसरा ओरडतो, "असू दे रे, लागंल कवातरी!" किश्शांचंही आमच्याकडे असंच होतं. एकही वाया जात नाही, नुसता ढीग वाढतो!

मी राहते बावधनला, शेड पिरंगुटच्या पुढे. आम्ही पाइप कापतो, जोडतो, त्याला पंप आणि मोटर बसवतो आणि सगळा संसार एका लोखंडी फ्रेमवर चढवून कंपन्यांना पाठवतो. मी नवीन. सरांनी आधीच सांगून ठेवलेलं, "या पंपाची ट्रायल पास झाली तर तू शेडवर परमनंट. नाही झाली तर ऑफिस, कॉम्प्युटर, एसी."

लोक एसीसाठी नोकऱ्या बदलतात. मला त्या एसीच्या नुसत्या विचाराने घाम फुटायचा!

*

आमच्या सोसायटीत मी पाइपिंगमध्ये आहे हे कळलं आणि माझं आयुष्यच बदललं. समोरच्या काकू रविवारी सकाळी दारात.

"अगं, बेसिन तुंबलंय. बघतेस का जरा?"

"काकू, मी इंडस्ट्रियल पाइपिंग करते. मोठे पाइप, हाय प्रेशर..."

"मग बरंय की! आमचं प्रेशरच कमी आहे."

गेले. काढलं. आत तीन चमचे आणि काकांचा दाताचा ब्रश!

*

इरफानभाई आमचे वेल्डर. पौडचे. काचेमागे तोंड गेलं की त्यांना जग दिसत नाही, फक्त जॉइंट दिसतो.

एकदा मी माझी बॅग जमिनीवर धूळ लागू नये म्हणून एका पाइपच्या टोकाला अडकवली. चहा पिऊन येते तर इरफानभाईंनी त्या टोकाला पुढचा पाइप जोडून टाकलेला! बॅग मधोमध लोंबकळतेय, पट्टा निघायला दोन्हीकडून वाट नाही. आत डबा, मोबाइल, गाडीची किल्ली.

"इरफानभाई! बॅग दिसली नाही?"

"दिसली की. मला वाटलं, ड्रॉइंगमधी असंल."

"आता कापायचं काय? पाइप की पट्टा?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, या जॉइंटचा एक्स-रे निघणार हाय. तुमच्या पट्ट्याचा कुणी काढत न्हाई."

पट्टा कापला!

*

आता अण्णा. शेडचे जमीनमालक. जमीन त्यांची, बोअर त्यांचा, म्हणून आमचं प्रोजेक्टही त्यांचंच. तरुणपणी तालमीत गाजलेले. कुस्ती सुटली, वजन सुटलं नाही. रोज सकाळी स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन येतात आणि कमरेएवढं उंच जे दिसेल त्यावर बसतात.

पाइप जोडून झाला की आत पाणी भरून दाब देतात आणि काटा तिथेच टिकतोय का बघतात. काटा पडला म्हणजे गळती. त्या दिवशी आमचा काटा पडत होता. आमचे फोरमन तात्या पाइपाखाली आडवे, मी टॉर्च घेऊन उताणी, इरफानभाई प्रत्येक जॉइंटवर हात फिरवतायत. गळती सापडेना!

शेवटी मी फ्रेमच्या पलीकडे डोकावले. अण्णा खालचा व्हॉल्व्ह किंचित उघडून पाय धूत होते.

"अण्णा, टेस्ट चाललीय!"

"चालू द्या की. पानी माज्याच बोअरचं हाय न्हवं?"

*

मोटर पंपाला जोडण्याआधी एकटी फिरवून दिशा बघतात. उलटी फिरली तर पंपाची वाट. बटण दाबलं.

"उलटी फिरतीय!" तात्या ओरडले.

"सुलटी हाय!" इरफानभाई ओरडले.

वायरी बदलल्या. आता इरफानभाई "उलटी", तात्या "सुलटी"! पुन्हा बदलल्या. दोघं हमरीतुमरीवर. मीही घाबरून कधी याची, कधी त्याची बाजू घेतेय.

अण्णांनी पेला खाली ठेवला. "तात्या, तू मोटरच्या म्होरं हायेस, ह्यो मागं हाय. आधी दोघं एका अंगाला व्हा, मग भांडा!"

*

आणि मग ट्रायलचा दिवस.

पंप आणि मोटरचे दांडे एका रेषेत लागतात, केसाएवढा फरक चालत नाही. हे बघायला घड्याळासारखं एक डायल लावतात. आदल्या दिवशी आमची सुई अगदी शून्यावर होती. कंपनीचे इन्स्पेक्टर आले, चष्मा पुसला, बघितलं.

"मॅडम, हे तर आउट आहे."

तात्यांनी बोल्ट तपासले. ठीक. मी डायल काढून परत लावलं. आउटच! माझ्या कानात एसी घोंघावायला लागला.

तेवढ्यात अण्णा आले. तहसीलला काम होतं म्हणून उशीर. आले, "रामराम सायेब" म्हणाले आणि रोजच्या पाइपवर बसले.

सुई सरकत सरकत शून्यावर!

इन्स्पेक्टर म्हणाले, "काका, उठा जरा."

अण्णा उठले. सुई गेली.

"बसा."

आली!

"उठा."

"ओ सायेब, या वयात उठाबशा काढून घेताय व्हय?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "काल पाइप पंपाला जोडला तवा अण्णा हितंच बसलं व्हतं!" म्हणजे अण्णांच्या वजनाने दबलेला पाइप आम्ही तसाच आवळला होता. अण्णा घरी गेले, तसा पाइप आपोआप वर आला आणि पंपाला ओढून बसला!

इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "मॅडम, पंपाबरोबर यांनाही पाठवणार का?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "न्हाई वो. माझी समदी जमीन हितंच हाय."

बोल्ट सोडले तर पाइपने टुणकन उडी मारली! इरफानभाईंनी तो कापून नव्याने जोडला. एक्स-रे, पाण्याची टेस्ट, सगळं पहिल्यापासून. इन्स्पेक्टर परत आले. सुई शून्यावर. त्यांनी पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं.

"ते कुठे बसलेत?"

"कुठेच नाही, सर. गेटबाहेर उभे आहेत."

ते स्वतः गेटपर्यंत जाऊन बघून आले. मग पंप चालू केला. काय आवाज होता! मांजर गुरगुरावं तसा. सही झाली. मी सरांना फोन लावला, सर एकच शब्द बोलले, "परमनंट!" आणि मी अशी किंचाळले, की तात्यांच्या हातातला पाना खाली पडला.

गेटवरून अण्णांची हाक आली. पेला हातात, चहा गार.

"ए पोरी, झालं का तुमचं? मी बसू का आता?"