अंगठ्याचं कुंकू

गजू गेल्याचा फोन आला तेव्हा समोर बसलेलं गिऱ्हाईक मला म्हणत होतं, "तुमचा लॅपटॉप चांगलाच असंल, पण एक डाव गजूभाऊले दाखवून घेतो." मी आतून जळत होतो. फोन ठेवला आणि म्हणालो, गजू गेला. त्या माणसानं माझ्यासमोर डोळे पुसले... खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मला आधी हेवाच वाटला.

वणीत आम्ही दोघा मित्रांनी एकाच वर्षी जुन्या लॅपटॉपची दुकानं टाकली. कंपन्यांनी काढून टाकलेला माल नागपूरहून यायचा. अशा मशिनीत कधी कधी नोकरांवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम खोल बसवलेला असतो. सगळं पुसून कोरं केलं तरी नेट जोडल्यावर तो पुन्हा उगवतो. मी पुसायचो आणि विकायचो. गजू पुसायचा, नेट जोडायचा आणि दोन दिवस मशीन चालू ठेवून नुसता बघायचा. "तुले येत नाही असं नाही बे," तो म्हणायचा, "तुले दम नाही." तपासणीत उतरलेल्या मशिनीच्या पोटाला तो कुंकवाचा ठिपका लावायचा, दसऱ्याला लावतात तसा. पुढे पुढे पार राजूरचे लोकही विचारू लागले, "गजूभाऊचा ठिपका हाय का?"

मग मीही कुंकवाची डबी आणली. न तपासलेल्या मशिनींना ठिपका लावायचा आणि गजूकडून तपासून आणलंय असं ठोकून द्यायचं. घाटंजीच्या एका शिक्षिकाबाईंना असाच एक लॅपटॉप विकला. महिनाभरात त्याचा कॅमेरा आपोआप सुरू व्हायला लागला, आणि एक दिवस पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव येऊन मशीन लॉकच झाली. बाई थेट गजूकडे गेल्या. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. स्वतःचा लॅपटॉप त्यांना देऊन टाकला आणि तो बिघडलेला घेऊन माझ्याकडे आला.

"हे कुंकू माह्यं नाही, विन्या. मी आंगठ्यानं लावतो. हे बोटाचं हाय."

"मंग बाईले सांगतलं काहून नाही?"

"तुह्यं दुकान बसलं असतं ना..."

एवढं बोलून लॅपटॉप काखेत मारून तो निघून गेला. मी उपकार मानायला हवे होते. पण मला वाटलं, घ्या, चांगुलपणातही हाच पुढे! कित्येक दिवस मी त्याच्या दुकानावरून जायचं टाळलं.

गेल्या आठवड्यात वहिनी त्याचा लॅपटॉप घेऊन आल्या. "भाऊजी, इकायचा हाय. आता तुमच्याबिगर कोण तपासते?" मी उलटा केला, तर पोटावर माझ्या बोटाचा ठिपका. शिक्षिकाबाईंचाच तो लॅपटॉप. त्या कंपनीला पत्रांवर पत्रं लिहून गजूनं तो मोकळा करून घेतला होता आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच काम केलं होतं. ओल्या फडक्यानं सहज निघाला असता तो ठिपका. त्यानं पुसला नव्हता.

नेट जोडून मी बघत बसलो. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, लॅपटॉप उलटा करून खूश झालं. "गजूभाऊचा ठिपका हाय, मंग काय पाह्यचं?"

"तो ठिपका गजूचा नाही," मी म्हणालो. "माझा आहे."

त्यानं लॅपटॉप अलगद टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या.