मामीच्या ट्रॉलीला गाडी

आमचे मामा कुठलीही चालती वस्तू पसंत करण्याआधी तिच्या शेजारून चालून बघायचे. शेळी असो, घोडी असो. थोरल्या मुलीला बघायला आलेल्या पोरालासुद्धा त्यांनी पार बांधापर्यंत चालवत नेलं होतं. "बसल्या जागी समदे चांगलेच दिसतेत," म्हणायचे. जावई चांगला निघाला, मग काय, मामांना आवरणारं कुणी उरलं नाही.

मामा मेंढपाळ, केजजवळच्या गावचे. दिवाळी झाली की कळप घेऊन तेलगावकडच्या रानात उतरायचे. कळपाच्या पुढं कायम मामी चालायची. एका साली तिचे गुडघे गेले. सगळे म्हणाले, आता तिला घरी ठेवा. मामीचं जेवण कमी झालं. मामांना ते बघवेना. त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून पाइप-ताडपत्रीची एक हलकी ट्रॉली करून घेतली. आत खाट, तोंडाशी बसायला बाक. प्रश्न उरला तो ओढायला काय घ्यायचं याचा.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मी सोबत होतो. एजंटानं आधी जीप दाखवली. तिला ट्रॉली जोडली आणि मामा शेजारून चालायला लागले. जीप पुढं पळायची, थांबायची, परत पळायची. थोड्या वेळात क्लच जळल्याचा वास सुटला. "ताकद लई हाय, पण हिला दम धरवंना," मामा म्हणाले. तीनचाकी तर चढावर ट्रॉलीसकट मागं सरकली. मी वैतागलो. म्हणालो, "मामा, उन्हानं जीव चाललाय, घ्या की एखादी."

"तुला बसायचंय का तिच्यात? मग कामून घाई करतो रं?"

शेवटी एक जुना छोटा ट्रॅक्टर पहिल्या गिअरात त्यांच्या पावलाला पाऊल लावून समोरच्या लिंबापर्यंत जाऊन आला. तापला नाही, कुरकुरला नाही. मामांनी त्याच्या बॉनेटवर घोडीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

निघायच्या दिवशी मात्र फजिती झाली. मामी बसली, गावातल्या एका पोरानं ट्रॅक्टर काढला, आणि कळप जागचा हलेना. हाकललं तरी मेंढरं नुसती ट्रॅक्टरकडं बघत उभी. मामी पुढं तोंड करून बसलेली, मान वळवून वळवून रडवेली झाली. "मला उतरू द्या. मी ऱ्हाते घरी," म्हणाली.

मामांनी कपाळावर हात मारला. "समद्या गाड्या चालवून बघितल्या, पर हिला इचारलंच न्हाई." त्यांनी तिथंच पाना मागवला आणि बाक उलटं करून बसवलं. मामी मागं तोंड करून बसली, तिनं रोजची हाळी दिली आणि कळप मुकाट तिच्यामागं निघाला. मामा शेजारून चालत होते. इतकं खूश मी त्यांना लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मागच्या साली मामा गेले. दिवाळीनंतर पुन्हा तोच विषय निघाला, आता तरी मामीनं घरी राहावं. समजूत घालायला मला पाठवलं. जाऊन बघतो तर मामी ट्रॉलीत बसलेली.

"बरं झालं आलास. चल, चालव."

"मामी, मला एवढं हळू चालवता येत न्हाई."

"येतंय," ती मेंढरांवरची नजर न काढता म्हणाली. "तुजे मामा शेजारून चालतेत असं समज, अन् क्लच सोड."

मी पहिला गिअर टाकला.